बोटं दोनच काढायची होती, पण भूल कोणती?

फोन सकाळी सव्वासातला आला, सर्जन सरांचा. "मॅडम, छोटी केस आहे, डायबेटिक फूट, दोन बोटं काढायचीत, स्पायनल देऊन टाका, वीस मिनिटांचं काम." तालुक्याच्या गावात चार-पाच हॉस्पिटलं फिरून भूल देणाऱ्या माझ्यासारखीला हे वाक्य तोंडपाठ असतं. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का? तिकडे दोन सेकंद शांतता, मग "बघून सांगतो." दहा मिनिटांनी व्हॉट्सअॅपवर डिस्चार्ज कार्डाचा फोटो आला, हललेला, अर्ध्यावर कुणाचं तरी बोट आलेलं, पण 'क्लोपिडोग्रेल ७५' एवढं नीट वाचता येत होतं.

कंबरेखालच्या छोट्या ऑपरेशनला कुठली भूल बरी, हे पीजीला असताना आम्ही तक्ता करून पाठ केलेलं. स्पायनल (कमरेतून सुई घालून मणक्यातल्या पाण्यात औषध), एपिड्युरल (त्या पाण्याच्या आवरणाबाहेर), नसांचे ब्लॉक (ठराविक नसेपाशी औषध), फायदे डावीकडे, तोटे उजवीकडे. या केसमध्ये त्या तक्त्यातला जवळजवळ प्रत्येक रकाना एकदा तरी डोक्यात आला आणि एक ठिकाणी माझा अंदाजही चुकला, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. पेशंटची ओळख पटेल असं काही यात नाही.

पेशंटना आबा म्हणू. वय ६१, वजन ६० किलो, ऊस आणि थोडा भाजीपाला. चौदा वर्षं डायबेटिस, गोळ्या कधी घेतल्या कधी नाही. चार महिन्यांपूर्वी हार्ट अॅटॅक आला, त्याच दिवशी अँजिओप्लास्टी होऊन औषधाचा लेप असलेला स्टेंट बसला, तेव्हापासून अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू. ही मात्र गोळी एकही चुकवली नव्हती, कारण घरातल्या आक्का रोज सकाळी स्वतः हातावर ठेवायच्या. इकोत हृदयाचं पंपिंग ३५ टक्के. किडनीचं क्रिएटिनिन १.९, हिमोग्लोबिन ९.६, पांढऱ्या पेशी १७,०००, आल्या आल्या शुगर ३४०, तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट एचबीएवनसी १०.२. थोडा ताप.

पायाचं काय झालं तर चपलेचा एक खिळा आतून वर आलेला. त्याच चपला घालून आबांनी अख्खा दिवस उसाला पाणी पाजलं. संध्याकाळी चप्पल काढली तेव्हा आक्कांना चपलेत रक्त दिसलं, आबांना पत्ताच नव्हता. मग चार दिवस हळद, दोन दिवस कुठलं तरी मलम आणि आले तेव्हा उजव्या पायाचं करंगळीचं आणि शेजारचं बोट काळं, वास येणारं, पायाच्या वरच्या बाजूला लाली अर्ध्या पावलापर्यंत चढलेली आणि बाहेरच्या घोट्याच्या आसपास सूज.

थांबता आलं असतं का? नाही. क्लोपिडोग्रेल प्लेटलेटला कायमची निकामी करतं, नवीन प्लेटलेट तयार होऊन काम सुरळीत व्हायला पाच ते सात दिवस लागतात आणि कमरेत सुई घालायची तर आमची गाइडलाइन तेवढेच दिवस गोळी बंद ठेवायला सांगते. इथे सात दिवस थांबलो असतो तर बोटांवर भागलं नसतं, पाऊल गेलं असतं. शिवाय हार्ट अॅटॅकनंतर चार महिन्यांत गोळी बंद करायची म्हणजे स्टेंट गुठळीने बंद पडायला आमंत्रण. हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला, ते एका दमात म्हणाले, "एक दिवससुद्धा नाही." सरांनी सुचवलं प्लेटलेट चढवू आणि स्पायनल देऊ. पण सकाळी गोळी पोटात गेलेली, रक्तात अजून औषध फिरतंय, चढवलेल्या प्लेटलेटही तेच औषध बिघडवणार, आणि ज्या स्टेंटसाठी गोळी दिली त्याच माणसाला आपण प्लेटलेट देणार. मी नको म्हणलं. सर तसे ऐकून घेणारे आहेत, फक्त एकदा घड्याळाकडे बघितलं.

गंमत म्हणजे घरच्यांनाही स्पायनल नकोच होतं, कारण भलतंच. मुलगा बाहेर पॅसेजमध्ये गाठून म्हणाला, "मॅडम, कमरेत सुई तेवढी नको, आमच्या चुलतीला सिझरला दिलेली, अजून कंबर धरून बसती." आता ही गोष्ट मी आठवड्यातून तीनदा तरी ऐकते. बाळंतपणानंतरच्या कंबरदुखीला हजार कारणं असतात, खापर मात्र सुईवर फुटतं. एरवी मी दहा मिनिटं बसून समजावते. त्या दिवशी म्हणलं, बरं, नाही देत कमरेत. तो इतक्या लवकर मान्य झाल्यामुळे जरा बावरलाच. मग खरं कारण सांगितलं, की बाबांचं रक्त पातळ आहे, मणक्याच्या नळीत रक्त साठलं तर दोन्ही पाय लुळे पडू शकतात. साध्या माणसात ही गोष्ट फार फार दुर्मिळ, पुस्तकात साधारण दोन लाख वीस हजार स्पायनलमागे एक असा आकडा देतात, पण तो आकडा दोन-दोन गोळ्या चालू असलेल्या माणसाचा नाही. आणि झालंच तर आठ तासांच्या आत ऑपरेशन करून दाब काढावा लागतो. आमच्यापासून जवळचा एमआरआय पन्नास किलोमीटरवर, मेंदू-मणक्याचे सर्जन त्याच्याही पुढे. स्पायनल दिल्यावर पाय तसेही चार तास बधिरच असतात, म्हणजे काही बिघडलंय हे कळायलाच निम्मा वेळ जाणार. हा हिशोब शहरात वेगळा येतो, इथे असा येतो.

बाकीचे पर्याय

पूर्ण भूल देता आली असती, लोकांना वाटतं तेवढा तो वाईट पर्याय नाही. पण ३५ टक्के पंपिंग, जंतुसंसर्ग अंगात भिनलेला, झोपेचं औषध दिलं की बीपी खाली येणार. जुन्या डायबेटिसवाल्यांचं पोट हळू रिकामं होतं, आठ तास उपाशी असले तरी जठरात अन्न असू शकतं, त्यामुळे नुसता गळ्यातला मास्क ठेवून निभावेल याची खात्री नाही, श्वासनलिकेत नळी घालावी लागणार. दोन बोटांसाठी एवढं सगळं. हाताशी ठेवायचा पर्याय म्हणून ठीक, पहिला म्हणून नको.

स्पायनलमध्येच एक कमी डोसचा प्रकार असतो, पेशंटला ऑपरेशनच्या कुशीवर झोपवायचं, हेवी (म्हणजे जड, खालच्या बाजूला बसणारं) औषध दीडेक मिली द्यायचं आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं, मग बहुतेक एकच बाजू बधिर होते आणि बीपी फारसं ढासळत नाही. कमकुवत हृदयाला मला हा प्रकार फार आवडतो, गोळ्या चालू नसत्या तर मी हाच दिला असता. पण सुई तीच आणि जागाही तीच, रक्तस्रावाचा प्रश्न डोस कमी केल्याने कमी होत नाही. एपिड्युरल तर त्याहून जाड सुई, विषय संपला.

एक जण म्हणाला (नाव नाही सांगत, पण ओटीतलाच), "मॅडम, त्यांना तसंही पायाचं काही कळत नाही, खिळा कळला नाही, मग भूल कशाला, असंच करून टाकू." हे ऐकायला विनोदी वाटतं पण खरंच असं केलं जातं, कधी कधी जमूनही जातं. अडचण अशी की डायबेटिसमध्ये सगळ्या नसा सारख्या मरत नाहीत. वरची कातडी बधिर असते आणि हाड तोडताना, पू दाबून काढताना खोलवर चांगलंच दुखतं. ३५ टक्के हृदय असलेला माणूस टेबलावर कण्हतोय, नाडी १३०, हे मला बघायचं नव्हतं. जखमेच्या कडेने लोकल टोचायचं तर ते पू असलेल्या भागात नीट चालत नाही, संसर्ग झालेली जागा आम्लधर्मी होते आणि आपलं औषध तिथे नसेच्या आत शिरायच्या रूपात पुरेसं राहत नाही. दाताच्या डॉक्टरांना हे रोजचं माहीत आहे, सुजलेल्या दाढेला इंजेक्शन लागत नाही ते याच कारणाने.

उरले दोन. घोट्याजवळचा अँकल ब्लॉक किंवा गुडघ्यामागचा पॉप्लिटिअल.

अँकल ब्लॉक हा गरिबाघरचा ब्लॉक, मशीन लागत नाही, पाच नसा, पाच जागा: आतल्या घोट्यामागे टिबियल, पावलावर खोल पेरोनिअल, वरच्या वर पसरलेली दुसरी पेरोनिअल, बाहेरच्या घोट्यामागे सुरल आणि आतल्या बाजूला सॅफिनस. पायात ताकद राहते, पेशंट आधार घेऊन लगेच उठतो. क्लोपिडोग्रेल चालू असलं तरी रक्त आलं तर बोटाने दाबून धरता येतं. कागदावर आबांसाठी हाच एक नंबर. पण बाहेरच्या घोट्याजवळ सूज होती, पावलावर लाली, पाचपैकी निदान तीन टोचण्या त्या लालसर कातडीतून किंवा तिच्या काठावरून गेल्या असत्या. जंतू आत ढकलायचे आणि वर औषधही अर्धवट चालणार. सोडला.

मग गुडघ्यामागे. मांडीच्या मागून येणारी सायटिक नस, म्हणजे ज्या 'सायटिका'ने लोक हैराण असतात तीच, गुडघ्याच्या वळीच्या वर पाच ते दहा सेंटीमीटरवर दुभंगते. ती फुटायच्या जवळपास औषध दिलं की गुडघ्याखालचं जवळजवळ सगळं बधिर, फक्त आतल्या बाजूची एक पट्टी सोडून. ती पट्टी सॅफिनसची, ती नस पुढून मांडीतून येते, सायटिकशी तिचा संबंध नाही. संसर्गापासून लांब, बीपीला धक्का नाही, लघवी अडकत नाही, दुसरा पाय मोकळा. तोटा एकच पण मोठा, हा ब्लॉक चढायला वीस ते तीस मिनिटं घेतो. डायबेटिसवाल्यात कधी लवकर चढतो, कधी रेंगाळतो, भरवसा नाही. आणि आपल्याकडची ओटी स्पायनलच्या वेगाला सरावलेली, पाच मिनिटांत सर्जन विचारतो, "करू का सुरू?" मला विचाराल तर तालुक्याला नसांचे ब्लॉक मागे पडले त्याला हात तयार नसणं हे एक कारण असेल, पण खरं कारण ही पंचवीस मिनिटं आहेत. ब्लॉक फेल गेला म्हणून जे सांगितलं जातं त्यातले कितीतरी चढायच्या आधी चाकू लावलेले असतात.

सुई

सोनोग्राफी असती तर बरं झालं असतं. मशीन हॉस्पिटलात आहे, पण खाली, रेडिओलॉजिस्टच्या खोलीत. गर्भलिंगनिदानाचा १९९४चा कायदा माहीत असेलच, त्यामुळे प्रत्येक मशीन कुठे राहणार, कोण वापरणार याची नोंद असते, मी माझं छोटं मशीन डिकीत टाकून गावोगाव फिरवलं असं चालत नाही. कायदा का आला ते महाराष्ट्रात राहून मला कुणी समजवायची गरज नाही, तक्रारही नाही, पण त्यात आम्हा भूल देणाऱ्यांची गोची होते एवढं खरं. त्यामुळे माझ्या बॅगेत अजूनही नर्व्ह स्टिम्युलेटर असतो, सुईच्या टोकातून बारीक करंट जातो, नसेजवळ पोचलं की स्नायू उडतो.

आबांना पालथं झोपवायचं नव्हतं, पडल्या पडल्या दम लागत होता, उशी दोन घेतलेल्या. म्हणून बाहेरच्या बाजूने गेले. मांडीच्या बाहेरच्या बाजूला पुढचा आणि मागचा स्नायू यांच्यामध्ये एक खाच लागते, गुडघ्याच्या वर आठेक सेंटीमीटर, तिथून सुई आडवी घालायची, हाडाला टेकते, मग थोडी बाहेर काढून तीस अंश मागे वळवायची. त्याआधी एक काम केलं जे घाईत हमखास राहतं: पाय आधीच किती बधिर आहे ते तपासून कागदावर लिहिलं. घोट्याच्या वर चार बोटांपर्यंत कापूस कळत नव्हता, अंगठा वर-खाली होत होता, पाऊलही. हे आधी लिहिलं नाही तर उद्या "इंजेक्शनमुळे पाय बधिर झाला" याला उत्तर नाही.

औषधाचा हिशोब. अॅड्रेनालिन न घालता रोपिव्हाकेन ०.५ टक्के, २० मिली, म्हणजे १०० मिलीग्रॅम. मर्यादा किलोला तीन धरली तर १८०, म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त वापरलं आणि पुढे काही लागलं तर जागा शिल्लक. अॅड्रेनालिन मुद्दाम नाही, डायबेटिसच्या नसेचा रक्तपुरवठा आधीच तोळामासा. बुपिव्हाकेनपेक्षा रोपिव्हाकेन हृदयावर जरा सौम्य म्हणून ते. आणि टेबलावर २० टक्के लिपिडची बाटली, चुकून औषध रक्तात गेलं तर आबांना ९० मिली पहिल्या फटक्यात द्यायचं, हे सिरिंजला चिकटपट्टी लावून त्यावर लिहून ठेवलेलं, कारण गडबडीत दीड गुणिले साठसुद्धा जमत नाही. सलाइन, ऑक्सिजन, मॉनिटर, गुंगीचं मिडॅझोलाम फक्त एक मिलीग्रॅम. आबा म्हणाले, "बाई, मला झोपवू नगा, एकदा झोपवलं हुतं तवा छातीत स्टेंट घातला." म्हणलं आबा, झोपवत नाही, गप्पा मारू.

स्टिम्युलेटर दीड मिलीअँपिअरवर ठेवून सुई घातली. तरुण माणसात पाऊल टणकन उडतं. इथे काहीच नाही. थोडं मागे, थोडं पुढे, तरी नाही. डायबेटिसमध्ये नसा करंटलाही आळशी प्रतिसाद देतात, सुई नसेला अगदी खेटली तरी स्नायू उडत नाही, त्यामुळे "उडत नाही म्हणजे लांब आहे" असं समजून आत ढकलत राहिलं तर नसेतच घुसायची भीती. करंटचा कालावधी वाढवला, ०.१ वरून ०.३ मिलीसेकंद केला आणि मग एक बारीक हालचाल दिसली, पाऊल खाली जाऊन आत वळतंय. आत वळणं ही चांगली खूण, दोन्ही फाटे भिजायची शक्यता जास्त. पुस्तकात करंट ०.५ मिलीअँपिअरच्या खाली आणायला सांगतात, मला ०.७लाच हालचाल जेमतेम राहिली, तिथेच थांबले. दर पाच मिलीला मागे ओढून रक्त येत नाही बघितलं, हाताला जोर लागत नाहीये ना बघितलं, आबांना विचारलं कुठे कळ येते का. नाही. सुई काढून वॉर्डबॉय मामांना पाच मिनिटं जागा दाबून धरायला लावली, क्लोपिडोग्रेलमुळे. अकरा चाळीस झाले होते.

आता ती पंचवीस मिनिटं. सरांना म्हणलं सव्वाबारापर्यंत हात लावायचा नाही, तेवढ्यात ओपीडीतलं ते ड्रेसिंग उरकून या. ते गेले, पण दर सात मिनिटांनी दारातून डोकं आत. मी आणि आबा उसाच्या दरावर बोलत बसलो, कारखान्याने पहिली उचल किती दिली वगैरे, बीपी १३२/८०वर स्थिर, मॉनिटरसुद्धा कंटाळला असेल.

खरी पंचाईत इथे होती: ब्लॉक चढलाय हे तपासायचं कसं? एरवी स्पिरिटचा गार बोळा लावून विचारतो, गार लागतं का. आबांना सकाळपासूनच काही लागत नव्हतं! बोळा लावला, "न्हाय," पण तो "न्हाय" माझा की डायबेटिसचा? म्हणून दोनच गोष्टींवर भरवसा ठेवला. एक, पोटरीच्या बाहेरच्या बाजूला, जिथे सकाळी स्पर्श कळत होता तिथे आता कळतो का. आणि दोन, अंगठा हलतो का. बारा वाजता अंगठा अजून मुडपत होता. बारा अठराला आबांनी डोळे मिटून जोर लावला, चेहरा लाल झाला, अंगठा जागचा हलला नाही. पोटरीची बाहेरची बाजूही बधिर. तेव्हा सरांना हाक मारली.

चूक

सॅफिनस मी दिला नव्हता. विचार असा, करंगळीची बाजू, पायाची बाहेरची कड, तिथे सॅफिनसचा काय संबंध, उगाच पातळ रक्तात दुसरी सुई कशाला. बोटं निघाली, दोन्ही, आबांना कळलंही नाही, ते विचारत होते जेवायला कधी मिळेल. रक्त अडवायचा पट्टा (टूर्निके) बांधला नव्हता, पायाचं रक्ताभिसरण आधीच कमी, त्यामुळे रक्त येत राहिलं, दाबून आणि कॉटरीने जाळून आवरलं.

मग सरांनी तळव्याला मधोमध दाबलं आणि पू आला. आतून. तळव्यात स्नायूंचे कप्पे असतात, पू मधल्या कप्प्यात शिरला की बोटं मुडपणाऱ्या दोऱ्यांच्या कडेने वर सरकतो आणि आतल्या घोट्याच्या मागे निघतो. सर बोलता बोलता चाकू घेऊन आतल्या घोट्याकडे वळले, मी "थांबा" म्हणायच्या आत घोट्याच्या बऱ्याच वरपर्यंत छेद दिला. "आई गं!" आबांनी पाय झटकला, ट्रे खाली येता येता राहिला. नाडी ८४वरून ११२.

खोलवर बधिर होतं, ते टिबियलचं. वरची कातडी सॅफिनसची, आणि ती जागी होती. घोट्याच्या इतक्या वर आबांची संवेदनाही बरीच शाबूत होती, सकाळी मीच लिहून ठेवलं होतं की. सरांना हात बाजूला घ्यायला लावला, नव्या ग्लोव्हज घालून गुडघ्याच्या जरा खाली आतल्या बाजूला कातडीखाली आडवी रांग दिली, लिग्नोकेन १ टक्का, ५ मिली, ५० मिलीग्रॅम. त्याची मर्यादा किलोला साडेचार धरली तर २७०, म्हणजे अठराएक टक्के, रोपिव्हाकेनचे आधीचे पंचावन्न टक्के धरून शंभराच्या आत. दोन औषधं वेगळी म्हणून दोघांच्या मर्यादा वेगवेगळ्या मोजणारे भेटतात, तसं करायचं नाही, विषारीपणाची बेरीज होते. सहा मिनिटं थांबलो. पुढचं सगळं शांतपणे झालं. वीस मिनिटांचं काम सत्तर मिनिटांनी संपलं, त्यातली चाळीस मिनिटं पू धुण्यात.

चूक माझी, कारण डायबेटिक पायात सर्जनचा छेद बोटांपाशी थांबेल असं मी गृहीत धरलं. पू नकाशा बघून पसरत नाही. आता मी अशा पायाला पॉप्लिटिअलसोबत सॅफिनसही देऊन टाकते, वरच्या वर पाच मिली, दाबता येण्याजोग्या जागी, त्याने काही बिघडत नाही.

नंतर

दोन वाजता आबांनी चहा-पोहे खाल्ले. हे स्पायनलमध्येही जमतं, पण इथे उठून बसून, बीपीची काळजी न करता, आणि इन्शुलिनचं वेळापत्रक न मोडता. लघवी आपली आपण, कॅथेटर नाही. रात्री फक्त पॅरासिटामॉल, किडनीमुळे बाकीच्या दुखण्यावरच्या गोळ्या तशाही बाद. क्लोपिडोग्रेल दुसऱ्या सकाळी आक्कांच्या हातून वेळेवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मात्र सिस्टरचा फोन, "मॅडम, पेशंटचं पाऊल अजून लटकतंय." मी वर वर म्हणलं येईल, पण चहा गोड लागला नाही. डायबेटिसच्या नसेत ब्लॉक जास्त टिकतो हे माहीत असतं, माहीत असणं वेगळं. दहाच्या सुमाराला, म्हणजे बावीसेक तासांनी, अंगठा हलला, संध्याकाळपर्यंत पाऊल पूर्ववत आणि सकाळच्या कागदाशी ताडून बघितलं तर जेवढं बधिर आधी होतं तेवढंच. तोवर टाचेखाली उशी ठेवायला सांगितलेली, बधिर टाच रात्रभर गादीवर घासली की तिथे नवीन जखम. मागे वळून बघता ०.५ टक्के जास्तच झालं, ०.३७५नेही भागलं असतं आणि पाऊल लवकर सुटलं असतं.

याचा अर्थ मी स्पायनलच्या विरोधात आहे असं कुणी घेऊ नका, माझं घर स्पायनलवर चालतं. हर्निया, हायड्रोसील, दोन्ही पायांचं काही, यात गुडघ्यामागची सुई घेऊन काय करणार. मूळव्याध-भगंदराला बसवून दिलेला सॅडल ब्लॉक, एक मिलीच्या आसपास हेवी, याच्यासारखं स्वस्त आणि मस्त काही नाही. संध्याकाळी घरी जाणाऱ्याला क्लोरोप्रोकेन मिळालं तर तासा-दीड तासात पाय मोकळे. आणि स्पायनलचा जन्मच मुळी अशा एका पायासाठी झाला, १८९८च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या कील शहरात आउगुस्ट बीअर यांनी घोट्याच्या क्षयाच्या पेशंटला कमरेतून कोकेन दिलं तेव्हा. आठवडाभराने त्यांनी आणि त्यांच्या सहाय्यकाने एकमेकांवर प्रयोग केला, बधिर झालेल्या सहाय्यकाच्या नडगीवर हातोडीसुद्धा मारून बघितली, मग दोघं वाइन आणि सिगार, आणि नंतर बीअर यांचं कित्येक दिवस डोकं दुखत राहिलं. बिचाऱ्यांना तेव्हा घोट्याच्या ऑपरेशनला दुसरा चांगला पर्यायच नव्हता. आपल्याला आहे, फक्त दार सात-सात मिनिटांनी उघडतं.

चौथ्या दिवशी आबांची जखम परत धुवायची ठरली. यावेळी फोनवर सर आपणहून म्हणाले, "मॅडम, तुमचा तो गुडघ्याचा ब्लॉक द्यायचाय ना, मग अर्धा तास आधी या." मी पाऊण तास आधी पोचले. पेशंट अजून वॉर्डातच होता, मामा स्ट्रेचर शोधत होते आणि सर घरी जेवायला गेलेले.